जिम्नॅस्टिक्समधून कॉलेजकडे : अमेरिकेतील मराठी पालकांसाठी वाटाड्या

अमेरिकेत वाढणारी सहा-सात वर्षांची मुलगी आठवड्यातून एकदा जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जाते, तोवर ती केवळ हौस असते. मग एके दिवशी प्रशिक्षक पालकांना बाजूला घेऊन ‘हिला टीममध्ये घ्यायचे आहे’ असे सांगतात आणि घराचे वेळापत्रकच बदलते. फी कित्येक पटींनी वाढते, रविवारची मराठी शाळा आणि सराव यांच्यात रस्सीखेच सुरू होते, जानेवारीनंतरचे शनिवार-रविवार स्पर्धांच्या हॉटेलांत जातात आणि राज्यस्तरीय स्पर्धा नेमकी गुढीपाडव्याच्या सुमारास येते. अशा वेळी ओळखीचे कोणीतरी हमखास म्हणते, ‘बरे आहे, पुढे कॉलेज फुकट होईल.’ त्या वाक्यात तथ्य किती आहे आणि ज्यांना ही वाट खरोखर धरायची आहे त्यांनी कोणत्या वर्षी काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : फुकट कॉलेजच्या आशेवर मुलीला टीममध्ये घालू नये, कारण तो हिशेब बहुधा जुळत नाही. मात्र या खेळामुळे कॉलेजचे जे दरवाजे उघडतात ते लोक समजतात त्याहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांची किल्ली गुणपत्रिकेत असते.

पहिली पायरी : जागा मोजणे

एनसीएए ही अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची प्रमुख नियामक संस्था. तिच्या कक्षेत महिलांचा जिम्नॅस्टिक्स संघ असलेली कॉलेजे देशभरात ऐंशीच्या थोडी वर आहेत, आणि त्यांपैकी साठच्या आसपास डिव्हिजन वन, टू, थ्री या तीन श्रेणींपैकी सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये खेळतात. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनमधील प्रत्येक महिला संघाला जास्तीत जास्त १२ शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या पूर्ण शिष्यवृत्त्या असत. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिल्यानंतर ही रचना बदलली. ज्या कॉलेजांनी ती तडजोड स्वीकारली त्यांच्यावर आता शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा नाही, पण संघातील खेळाडूंची संख्या २० च्या वर नेता येत नाही. या वीसही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे, याचा अर्थ प्रत्येक कॉलेज ती देतेच असा नव्हे. ते त्या कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकावर ठरते.

आता साधा हिशेब करावा. वीस जणींचा संघ आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम धरला, तर एका संघात दरवर्षी सुमारे पाच जागा रिकाम्या होतात, म्हणजे संपूर्ण डिव्हिजन वनमध्ये वर्षाला तीनशेच्या आसपास. या जागांसाठी परदेशी मुलीही येतात आणि ऑलिम्पिकपटूही येतात. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा व्यावसायिक उपयोग करून पैसे मिळवण्याची परवानगी मिळाली. त्याआधी जाहिरातींचे पैसे घेतले की कॉलेजकडून खेळण्याचा हक्क जात असे आणि जगज्जेती जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०१५ मध्ये व्यावसायिक होताना याच कारणाने युसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाची जागा सोडली होती. नियम बदलल्यानंतर ऑलिम्पिकपटू सुनी ली ऑबर्नकडून, जॉर्डन चाइल्स युसीएलएकडून आणि जेड केरी ओरेगन स्टेटकडून खेळल्या. प्रेक्षकांना हे पर्वणीसारखे वाटले असले, तरी लेव्हल टेनमधल्या (क्लबच्या शिडीवरील दहाव्या पायरीवरच्या) सर्वसाधारण मुलीसाठी स्पर्धा त्यामुळे अधिक कठीण झाली.

मुलांची परिस्थिती याहून बिकट आहे. पुरुषांचे संघ असलेली एनसीएए कॉलेजे आज पंधराच्या आसपास उरली आहेत. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने मुलींच्या खेळांना बळ दिले, आणि अमेरिकन फुटबॉलच्या प्रचंड संघांमुळे ढळणारा मुलगे-मुलींच्या संधींचा तोल व खर्च सावरताना अनेक कॉलेजांनी पुरुषांच्या लहान संघांवर कुऱ्हाड चालवली. मुलगा जिम्नॅस्टिक्स करत असेल, तर त्याच्यासाठी पुढे वेगळा परिच्छेद आहे.

दुसरी पायरी : शिडी समजून घेणे

‘यूएसए जिम्नॅस्टिक्स’च्या डेव्हलपमेंट प्रोग्राममध्ये एक ते दहा अशा लेव्हल आहेत. पाचव्या लेव्हलपर्यंत सगळ्या मुली ठरवून दिलेल्या एकाच रचना सादर करतात, सहाव्यापासून प्रत्येकीची रचना स्वतंत्र असते. मुलींसाठी साधने चार : व्हॉल्ट (टेबलावरून उडी), अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीचे दोन आडवे दांडे), बीम (अरुंद तुळई) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती). याला समांतर अशी एक्सेल नावाची दुसरी शिडी आहे, तिच्या पायऱ्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी नावे आहेत आणि तिथे सरावाचे तास व खर्च दोन्ही बेताचे असतात. एक्सेल हलक्या प्रतीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या मुलीला जिम्नॅस्टिक्सबरोबर कथकही शिकायचे आहे आणि शाळेच्या वाद्यवृंदातही वाजवायचे आहे, तिच्यासाठी तेच योग्य. मात्र कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू शोधतात ते मुख्यतः लेव्हल टेनमध्ये, आणि डिव्हिजन थ्रीचे काही संघ लेव्हल नाइन, क्वचित एटमधूनही मुली घेतात. म्हणून कॉलेजच्या संघाचा विचार मनात असेल, तर मुलगी कोणत्या शिडीवर आहे हे पालकांना ठाऊक हवे. पालकांना ‘टीम’ एवढाच शब्द माहीत असतो आणि दोन-तीन वर्षांनी ती टीम एक्सेलची होती असा उलगडा होतो, असे पुष्कळदा घडते.

घाई कोणी करू नये. डिव्हिजन वनमध्ये निवडल्या जाणाऱ्या मुली साधारणपणे नववी-दहावीच्या सुमारास लेव्हल टेनला स्थिरावलेल्या असतात. दहाव्या वर्षी तिथे पोचण्याची गरज नसते. एकाच लेव्हलमध्ये दोन हंगाम काढले म्हणजे मुलगी मागे पडली असे मराठी घरांत फार लवकर ठरवले जाते, कारण आपण लेव्हलकडे शाळेच्या इयत्तेसारखे पाहतो. प्रत्यक्षात पाया पक्का होण्यासाठी प्रशिक्षकच मुद्दाम थांबवतात. कॉलेजच्या गुणांकनात दहापैकी दहा हा आकडा अजून जिवंत आहे (आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तो २००६ मध्ये गेला), आणि तिथे ९.८५ व ९.९० यांच्यातला फरक उतरताना पडलेल्या एका लहानशा पावलाएवढा असतो. पायाचे अंगठे ताणलेले, गुडघे सरळ, बारवरचा हँडस्टँड उभ्या रेषेत, ही लहानपणची घोटीव कामगिरीच तिथे मोजली जाते.

व्हॉल्टचे उदाहरण घेतले की कॉलेजचा हिशेब लक्षात येतो. धावत येऊन राउंडऑफ (हातांवरची कोलांटी) करत स्प्रिंगबोर्डवर उलटे पाय टेकायचे, तिथून मागे झेप घेऊन टेबलावर हात टेकायचे आणि हवेत गिरकी घेत उतरायचे, या जातीच्या उडीला युरचेन्को म्हणतात. कॉलेजमध्ये पूर्ण एका गिरकीचा युरचेन्को निर्दोष केला तरी त्याला ९.९५ हून अधिक मिळू शकत नाहीत. दीड गिरकी घेतली तरच सुरुवात १०.० पासून होते. त्यामुळे दीड गिरकी जमणाऱ्या मुलीकडे प्रशिक्षकांचे लक्ष आपोआप जाते. पण दुसरी बाजूही आहे. कॉलेजच्या सामन्यात प्रत्येक साधनावर सहा जणी उतरतात आणि पाच जणींचे गुण धरले जातात, म्हणजे चारही साधनांवर तीच मुलगी हवी असे नाही. व्हॉल्टवर बेताची, पण बार्सवर आणि बीमवर भरवशाची मुलगी संघाला फार मोलाची असते, कारण बीमवर न पडणाऱ्या सहा जणी मिळवणे भल्या भल्या संघांना जड जाते. एखाद्या साधनावर मुलगी कमी पडते म्हणून पालकांनी धीर सोडू नये.

तिसरी पायरी : क्लबची पारख

चांगला क्लब ओळखताना भिंतीवरच्या पदकांपेक्षा तिथून बारावी होऊन गेलेल्या मुलींकडे पाहावे. गेल्या काही वर्षांत कोण कोणत्या कॉलेजात गेल्या, किती जणींनी लेव्हल टेनपर्यंत पोचून खेळ सोडला आणि का सोडला, दुखापतीनंतर त्यांना परत कसे आणले गेले, हे थेट विचारावे. उत्तर देताना जो क्लब अडखळतो त्याच्याबद्दल सावध व्हावे. आठवड्याला किती तास सराव आहे हेही विचारावे. वरच्या लेव्हलना वीस किंवा त्याहून अधिक तास सर्रास असतात. गंमत अशी की डिव्हिजन वनच्या संघांना हंगामात आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव घेण्यास एनसीएएची मनाई आहे, त्यामुळे काही मुलींना कॉलेजात गेल्यावर आयुष्यात प्रथमच संध्याकाळ मोकळी सापडते.

सुरक्षिततेच्या बाबतीत संकोच करू नये. लॅरी नासर या अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने शेकडो मुलींवर केलेले अत्याचार उघड झाल्यानंतर आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाल्यानंतर या खेळाचे नियम बदलले. प्रौढ व्यक्तीने अल्पवयीन खेळाडूबरोबर एकट्याने, इतरांच्या नजरेआड राहू नये, एकट्या मुलीला खासगी संदेश पाठवू नयेत, अशी बंधने आता आहेत आणि तक्रारीसाठी ‘यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्ट’ ही स्वतंत्र संस्था २०१७ पासून काम करते. पालकांना सराव पाहू न देणारा क्लब कितीही नामांकित असला तरी तो निवडू नये. ‘सरांना कसे विचारायचे’ हा आपला भिडस्तपणा इथे बाजूला ठेवलेलाच बरा.

शरीराबद्दल थोडक्यात. वाढत्या वयात मनगट, टाच आणि गुडघा यांच्या वाढीच्या भागांवर ताण येतो, कमरेच्या मणक्याला बारीक भेग पडू शकते, आणि ‘थोडे दुखतेय’ असे म्हणत मुली ते महिनोन्‌महिने लपवतात. पाळी उशिरा येणे किंवा मध्येच बंद होणे ही खेळाडूपणाची खूण नव्हे. खाणे अपुरे पडत असल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरकडे जावे. शाकाहारी घरात लोह, कॅल्शियम आणि प्रथिने यांचा हिशेब जाणीवपूर्वक ठेवावा लागतो. चार तासांच्या सरावाआधी नुसता पोह्यांचा डबा पुरत नाही.

चौथी पायरी : आठवीपासून अभ्यासाची आखणी

या पायरीवर मराठी घरांतल्या मुलींना इतरांपेक्षा अधिक वाव असतो, आणि नेमके इथेच नियमांची माहिती नसल्यामुळे नुकसान होते. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नववी-दहावीच्या सुमारास नोंदणी करावी. डिव्हिजन वनसाठी हायस्कूलच्या चार वर्षांत १६ ‘कोअर’ विषय पूर्ण करावे लागतात : इंग्रजीची चार वर्षे, बीजगणित एक किंवा त्यावरील गणिताची तीन, विज्ञानाची दोन, समाजशास्त्राची दोन, इंग्रजी-गणित-विज्ञान यांतील आणखी एक वर्ष आणि मान्य यादीतील आणखी चार. त्यांपैकी दहा विषय बारावी सुरू होण्यापूर्वी संपलेले हवेत आणि त्या दहांत सात इंग्रजी, गणित वा विज्ञानाचे हवेत. या विषयांतील सरासरी चारपैकी किमान २.३ हवी, डिव्हिजन टूसाठी २.२ पुरते. एसएटी किंवा एसीटी ही परीक्षा एनसीएएच्या पात्रतेसाठी जानेवारी २०२३ पासून लागत नाही, मात्र त्या-त्या कॉलेजच्या प्रवेशासाठी लागू शकते, या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

२.३ हा आकडा ऐकून बहुतेक मराठी पालक हसतील. अडचण सरासरीची नसून विषय मान्य असण्याची आहे. सरावासाठी दुपार मोकळी मिळावी म्हणून अनेक मुलींना ऑनलाइन शाळेत घातले जाते आणि तिथला एखादा अभ्यासक्रम एनसीएएला मान्य नसल्याचे अकरावीत कळते. प्रत्येक शाळेच्या मान्य विषयांची यादी पात्रता केंद्राच्या संकेतस्थळावर असते. शाळा बदलण्यापूर्वी ती पाहावी. आठवीत हायस्कूलचे बीजगणित केले असेल, तर ते हायस्कूलच्या गुणपत्रिकेवर गुण आणि क्रेडिटसह नोंदले गेले आहे का तेही तपासावे, कारण नोंद असेल तरच ते सोळांत धरले जाते. जी मुलगी नववी-दहावी भारतात करून इकडे आली असेल तिची शाळेची मूळ गुणपत्रके आणि बोर्डाचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण पात्रता केंद्र नववीपासूनच्या सगळ्या शाळांची कागदपत्रे मागते.

पाचवी पायरी : प्रशिक्षकांपर्यंत पोचणे

डिव्हिजन वनचे प्रशिक्षक मुलीशी किंवा तिच्या पालकांशी निवडीबद्दल बोलू शकतात ते दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून, आणि कॉलेजची रीतसर भेट शक्य होते ती अकरावी सुरू होतानाच्या १ ऑगस्टपासून. पूर्वी आठवी-नववीतल्या मुली तोंडी शब्द देऊन मोकळ्या होत आणि पुढे दुखापत झाली की दोन्ही बाजूंची पंचाईत होई. २०१९ च्या या नियमाने ते बरेच थांबले. याचा अर्थ दहावीपर्यंत गप्प बसायचे असा नाही. प्रशिक्षक उत्तर देऊ शकत नसले तरी आलेले पत्र वाचू शकतात, चित्रफिती पाहू शकतात आणि स्पर्धांना येऊन बसू शकतात. १५ जूनच्या मध्यरात्री ज्यांचे फोन वाजतात, त्या मुलींची नावे त्यांच्या वहीत वर्ष-दीड वर्ष आधीच लिहिलेली असतात.

म्हणून नववीत तीन कामे करावीत. पहिले, आवडीच्या वीस-पंचवीस कॉलेजांच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावरील खेळाडू-प्रश्नावली भरावी. दुसरे, चित्रफितींचा संग्रह सुरू करावा. बहुतेक मुली त्यासाठी इन्स्टाग्रामवर केवळ जिम्नॅस्टिक्सचे खाते ठेवतात. त्याचा ताबा पालकांकडेही असावा. चित्रफितीला संगीत, झगमगीत अक्षरे आणि संथगतीची करामत यांची गरज नसते. कॅमेरा बाजूने, संपूर्ण शरीर दिसेल असा, स्थिर असावा, पहिल्या पाच-दहा सेकंदांत सगळ्यात अवघड कसब दिसावे आणि उतरल्यानंतरचे दोन क्षण कापू नयेत, कारण प्रशिक्षकाला पाय हलला का तेच पाहायचे असते. तिसरे काम पत्राचे. विषयाच्या ओळीत मुलीचे नाव, बारावी होण्याचे वर्ष, लेव्हल आणि क्लब एवढे असावे. मजकुरात गेल्या हंगामातील प्रत्येक साधनावरचे सर्वोत्तम गुण, सध्या शिकत असलेली कसबे, शाळेतली सरासरी, कोणता विषय शिकायचा आहे, पुढील तीन स्पर्धांच्या तारखा व ठिकाणे आणि क्लबच्या प्रशिक्षकांचा संपर्क, एवढे आठ-दहा ओळींत मावते. त्याच कॉलेजला का लिहिले याचे एक खरे कारण त्यात असावे.

हे पत्र मुलीनेच लिहावे. वडिलांनी लिहिलेले पत्र प्रशिक्षकाला तिसऱ्या ओळीपर्यंत ओळखू येते, आणि चार वर्षे त्या घराशी कसा व्यवहार करावा लागेल याचा अंदाजही त्याला तिथेच येतो. भेटीच्या वेळीही प्रश्नांची उत्तरे मुलीनेच द्यावीत. क्लबच्या प्रशिक्षकांना मात्र या सगळ्याची कल्पना असावी, कारण कॉलेजचा प्रशिक्षक पहिला फोन बहुधा त्यांनाच करतो आणि मुलगी पडल्यावर कशी उठते हे विचारतो.

राज्य, मग विभागीय आणि मग लेव्हल टेनची राष्ट्रीय स्पर्धा हा वार्षिक क्रम असतो. देशाचे आठ विभाग आहेत आणि विभागीय स्पर्धेला कॉलेजांचे प्रशिक्षक मोठ्या संख्येने येतात. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत न पोचलेली मुलगीही निवडली जाते. त्यासाठी तिचे वेळापत्रक त्यांच्यापर्यंत आधी पोचलेले असावे लागते.

सहावी पायरी : कोणत्या दरवाजावर थाप मारायची

ओक्लाहोमा, फ्लोरिडा, एलएसयू, युटा, युसीएलए ही बलाढ्य विद्यापीठ-संघांची नावे सर्वांना माहीत असतात. युटाच्या पंधरा हजार आसनांच्या सभागृहात जिम्नॅस्टिक्सला होणारी गर्दी पाहिली की कोणालाही भुरळ पडेल. पण निवड करताना पुढचे पर्याय तितक्याच गांभीर्याने पाहावेत.

आयव्ही लीगमधील ब्राऊन, कॉर्नेल, पेन आणि येल या चार विद्यापीठांत महिलांचे संघ आहेत. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती अजिबात मिळत नाही. मदत मिळते ती घराच्या उत्पन्नावर. मात्र प्रशिक्षकाने प्रवेश विभागाकडे आपले नाव उचलून धरणे हीच तिथली खरी किंमत आहे. मुलीची गुणपत्रिका आधीच प्रवेश विभागाकडून वाचून घेतली जाते आणि अनुकूल असेल तर अंतिम निकालाआधीच प्रवेश जवळजवळ निश्चित असल्याचे सांगणारे ‘लाइकली लेटर’ येऊ शकते. जिथे हजारो हुशार मुलांचे अर्ज सारख्याच गुणांचे असतात, तिथे या आधाराचे मोल एखाद्या शिष्यवृत्तीहून अधिक ठरू शकते. लेव्हल टेनची, शाळेत अव्वल असलेली आणि डिव्हिजन वनच्या अग्रगण्य संघांच्या जरा खाली राहणारी मुलगी, जशी आपल्या समाजात पुष्कळदा आढळते, तिच्यासाठी माझ्या मते हा सर्वांत योग्य मार्ग आहे.

डिव्हिजन थ्रीमध्येही क्रीडा शिष्यवृत्ती नसते, पण गुणवत्तेवरची आणि गरजेवरची मदत असते. न्यूयॉर्कमधील इथाका आणि कॉर्टलँड, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड, पेनसिल्व्हेनियातील उर्सायनस, विस्कॉन्सिन विद्यापीठाची ला क्रॉस, व्हाइटवॉटर, ओ क्लेअर ही केंद्रे, ही त्यातील काही ठिकाणे. तिथे अभियांत्रिकी किंवा वैद्यकपूर्व शिक्षणाच्या प्रयोगशाळा सांभाळून खेळणे तुलनेने सोपे जाते. डिव्हिजन वनमध्येच शिष्यवृत्तीविना संघात येणाऱ्या ‘वॉक-ऑन’ खेळाडूंचीही परंपरा आहे, पण वीसच्या मर्यादेमुळे त्या जागा आता आक्रसल्या आहेत.

जिम्नॅस्टिक्सचे अंग घेऊन दुसऱ्या खेळात जाणे हाही जुना मार्ग आहे. अॅक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग हा सांघिक खेळ २०२० मध्ये एनसीएएच्या उदयोन्मुख महिला खेळांच्या यादीत आला. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचा त्यात दबदबा आहे. मनगट किंवा घोटा साथ देईनासा झाला की काही मुली डायव्हिंगकडे वळतात, काही पोल व्हॉल्टकडे, आणि हवेत शरीराचे भान असलेल्या खेळाडूचे तिथेही स्वागत होते. न्यू जर्सीत वा अन्यत्र मल्लखांब शिकलेल्या मुलीला त्याचे स्वतंत्र क्रीडागुण मिळत नाहीत, पण प्रवेशाच्या निबंधात लिहिण्याजोगे तिच्याकडे काहीतरी असते.

आणि संघात जागा मिळाली नाही तरी खेळ थांबत नाही. कित्येक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी चालवलेले जिम्नॅस्टिक्स क्लब आहेत, त्यांची एनएआयजीसी ही राष्ट्रीय संघटना दरवर्षी मोठी स्पर्धा भरवते आणि तिथे मुले-मुली एकाच क्लबकडून उतरतात.

मुलांसाठी एनसीएएचे दरवाजे मोजकेच : स्टॅनफर्ड, बर्कली, मिशिगन, इलिनॉय, ओहायो स्टेट, पेन स्टेट, नेब्रास्का, ओक्लाहोमा, विल्यम अँड मेरी, तिन्ही सैनिकी अकादम्या आणि डिव्हिजन थ्रीमधील स्प्रिंगफील्डसारखी दोन-तीन. आयोवा आणि मिनेसोटा यांनी पुरुषांचे संघ २०२०-२१ च्या हंगामानंतर बंद केले. त्यानंतर जिमॅक्ट नावाच्या संघटनेत विद्यापीठांच्या क्लब-संघांची स्वतंत्र स्पर्धा उभी राहिली आहे, तीही पाहावी. ओहायो स्टेटच्या २००१ च्या राष्ट्रीय विजेत्या संघातील राज भावसार हा भारतीय वंशाचा खेळाडू पुढे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या कांस्यपदक विजेत्या संघात होता. मुलींमध्ये मोहिनी भारद्वाजने युसीएलएमधील चार वर्षे पूर्ण केल्यानंतर २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये संघाचे रौप्यपदक मिळवले. कॉलेजबरोबर खेळ संपतोच असे नाही.

सातवी पायरी : व्हिसा, पैसा आणि सही

एच-१बी वर असलेल्या कुटुंबांनी हा भाग नीट वाचावा. क्रीडा शिष्यवृत्तीला नागरिकत्वाची अट नसते, त्यामुळे एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरील मुलीलाही ती मिळू शकते. पण संघराज्य सरकारची शैक्षणिक मदत तिला मिळत नाही, राज्यातील रहिवाशांची कमी फी लागू होईल का हे प्रत्येक राज्याच्या नियमावर अवलंबून असते, आणि एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपत असल्यामुळे बहुधा तिसऱ्या वर्षी तिला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. नावाच्या जाहिरातीतून मिळणारे पैसे हे परवान्याशिवाय केलेले काम ठरू शकते. तेव्हा संघातील मैत्रिणी कपड्यांच्या ब्रँडसाठी चित्रफिती करतात म्हणून हिनेही करावे, असे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय होऊ देऊ नये. शिष्यवृत्तीतील राहण्याजेवण्याचा भाग करपात्र उत्पन्न असतो, हेही आधीच ठाऊक असलेले बरे.

पूर्वी कॉलेज पक्के करणाऱ्या ज्या ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर बारावीच्या नोव्हेंबरात सह्या होत, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले आणि त्याची जागा आर्थिक मदतीच्या कराराने घेतली. सही करण्यापूर्वी पुढील गोष्टींची उत्तरे लेखी घ्यावीत. मदत एका वर्षाची आहे की चार वर्षांची. ती फीपुरती आहे की राहणे, जेवण, पुस्तके धरून आहे. दुखापतीमुळे खेळता आले नाही तर ती चालू राहील का आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोण करील. प्रशिक्षक नोकरी सोडून गेले तर करार तसाच राहील का. नर्सिंग, वास्तुशास्त्र किंवा अभियांत्रिकीसारख्या वेळखाऊ शाखा या संघातील किती मुलींनी प्रत्यक्षात पूर्ण केल्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षकाकडून ऐकल्यावर तेच संघातील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला, प्रशिक्षक जवळ नसताना, तुमच्या मुलीने पुन्हा विचारावे.